हॉलमधला घुमारा

अहमद जहाजावरची नोकरी सोडून कायमचा जयगडला आला तो २००२ साली. चोवीस वर्षं त्याने इंजिनरूममध्ये काढली होती. आल्यावर त्याने नवं घर बांधलं. वीस फुटी चौकोनी हॉल, खाली चकचकीत संगमरवरी लाद्या, वर स्लॅब, समुद्राच्या अंगाला भिंतभर काच. आणि त्या हॉलसाठी दुबईहून दोन स्पीकर मागवले, कमरेएवढे उंच.

त्याच्या बायकोला, मासूमाला, त्यांचं कौतुक वाटलं. ते जेमतेम आठवडाभर टिकलं.

अहमदने कव्वाली लावली की ढोलकीची एक थाप पडायची आणि तिच्यामागून आणखी पाच-सहा थापा भिंतींवर आपटून परत यायच्या. गाणारा काय म्हणतोय ते कळायचं नाही. विहिरीत तोंड घालून कोणी ओरडतंय, असं मासूमाला वाटायचं.

"दुबईच्या दुकानात आवाज असा नव्हता गो," अहमद म्हणाला. "तिथं शब्दन् शब्द कळत होता."

तेव्हापासून त्याने हॉलचा ताबा घेतला. आज स्पीकर काचेपाशी, उद्या दाराशी. एकदा त्यांच्याखाली जांभ्याचे चिरे घातले, तर लाद्यांवर लाल भुकटी सांडली आणि ती पुसायला मासूमा. मग जाड वायर आली. सोफा खोलीच्या मधोमध आला. शोकेस माजघरात गेलं. टीव्ही स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी.

"चोवीस वर्षं तुम्ही नव्हता, तर जुन्या घरात सगळं जागच्या जागी होतं," मासूमा एक दिवस म्हणाली. "आता माणूस आहे, पण बसायला खुर्ची नाही."

"दोन दिवस थांब. जमतंय."

दोन दिवसांचे दोन महिने झाले. तिला सगळ्यात सहन व्हायची नाही ती झांज. अहमद बटण फिरवून ती वाढवायचा आणि ती सुईसारखी कानात घुसायची. तिचं कपाळ दुखायला लागायचं. सांगितलं तर तो म्हणायचा, "तुला गाण्याची सवय नाही."

शेवटी तिनेच रत्नागिरीहून विनोदला बोलावलं. रेडिओ-टेप दुरुस्त करणारा, चोख माणूस. त्याने हॉलच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवली. आवाज टर्रर्र करत भिंतीभिंतींवरून फिरला.

"अहमदभाई, स्पीकरात काही दोष नाही. दोष खोलीचा. मऊ असं इथं काहीच नाही, आवाज जिरायचा कुठं? आणि कोपऱ्यात ठेवलात तर खर्ज घुमणारच." मग तो वाकून गाण्याच्या मशीनकडे बघू लागला. "पण हे बारीक आवाजाचं बटण शेवटपर्यंत का फिरवलंय?"

"त्याशिवाय झांज ऐकूच येत नाही."

विनोदने गाणं लावलं आणि बटण मध्यावर आणलं. मासूमाला हायसं वाटलं.

"गेली बघा झांज," अहमद म्हणाला.

"कुठं गेली?" मासूमा म्हणाली. "वाजतेय की! आता कुठे बरी वाजतेय."

विनोदने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि तो वायर गुंडाळायला लागला.

मासूमाच्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. अहमदच्या मनगटी घड्याळाचा गजर रोज पहाटे पाचला किणकिणायचा. हा माणूस उशाशी घड्याळ ठेवून ढिम्म झोपतो, म्हणून ती रोज चडफडत उठून तो बंद करायची.

विनोद गेल्यावर तिने घड्याळ आणलं, गजर लावला आणि त्याच्या कानाशी धरलं. "वाजतंय?"

"नाही. लाव ना."

"कधीचं वाजतंय."

त्याने घड्याळ हातात घेतलं, उलटंपालटं केलं, अंगठ्याने त्याची थरथर चाचपली. मग म्हणाला, "इंजिनाजवळ आवाज अडवायला कानांवर झाकणं देत होते. गरम व्हायचं. काढून ठेवायचो आम्ही." एवढंच बोलून तो व्हरांड्यात जाऊन बसला.

तीन दिवस त्याने स्पीकर लावलेच नाहीत. घर शांत झालं, पण ती शांतता मासूमाला झांजेपेक्षा जास्त टोचायला लागली. जेवताना बोलणं नाही, मासळी कसली आणली ते सांगणं नाही. चौथ्या दिवशी दुपारी तिने सोफा ओढला आणि त्याच्या मधोमध जाऊन बसली.

"उठा. कान माझे, मेहनत तुमची. लावा गाणं."

"राहू दे गो."

"दोन महिने माझं डोकं उठवलंत ते राहू देण्यासाठी? उठा!"

तो उठला. स्पीकर कोपऱ्यातून तीन हात पुढे ओढले. "अजून. बास, जास्त झालं. उजवा माझ्याकडे वळवा." विनोदने जाताना सांगितलं होतं, बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसेल तिथूनच आवाज उलटतो. म्हणून अहमद आरसा घेऊन बाजूच्या भिंतीला लागून चालू लागला. आरशात स्पीकर दिसला की मासूमा "तिथं!" म्हणायची आणि तिथं एक गोधडी टांगली जायची. खाली जाड सतरंजी अंथरली, काचेवर पडदे ओढले, पाठीमागच्या भिंतीला गाद्या उभ्या केल्या. दोघं घामाघूम झाली, तीनदा भांडली. एकदा तर गोधडी खिळ्यासकट खाली आली.

संध्याकाळी कव्वाली लागली आणि शब्द सुटे झाले. ढोलकीची थाप एकदाच पडली आणि जिथल्या तिथे थांबली. अहमद खाली सतरंजीवर बसला.

"शब्द कळतायत," तो हळूच म्हणाला. "झांज आहे?"

"आहे. डावीकडे, जराशी मागे."

"आणि काय आहे?"

मासूमाने डोळे मिटून घेतले. "ओळ उचलायच्या आधी तो दम घेतो. ऐका, आता घेतला."

अहमदने मान हलवली. त्याला तो ऐकू आला नव्हता, हे तिला कळलं.

पुढच्या महिन्यात ती त्याला रत्नागिरीला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. कानाचं मशीन लावायला त्याने सहा महिने कुरकुर केली. ईदला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, भिंतीवर गोधड्या का? मासूमा वैतागून म्हणाली, "ह्यांना विचारा," आणि शीरखुर्मा आणायला आत गेली.