फिटरचा गुलाब

फिटरने बायकोचा हात मोडला तो घराची किल्ली सापडत नव्हती म्हणून. किल्ली नंतर त्याच्याच खिशात निघाली. तोवर मनगटाच्या हाडाचे तुकडे झाले होते आणि शेजाऱ्यांनी, उशिरा का होईना, पोलिसांना बोलावलं होतं.

त्याला तुरुंगाऐवजी सुधारगृहात पाठवलं. तिथे बाग सांभाळणाऱ्या एक समुपदेशक बाई होत्या. बाईंचा मातीवर भारी विश्वास. मातीत हात घातला की डोकं थंड होतं, झोप लागते, मन हलकं होतं, असं त्या सांगत, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते खरंही होतं. त्यांची पद्धत साधी. प्रत्येकाला एक रोप द्यायचं. त्याने त्याची निगा राखायची आणि घरच्या माणसाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलायचं.

आज बाईंनी फिटरच्या बायकोला बोलावून घेतलं होतं. तिने हो म्हटलं की फिटर घरी. ती जीव मुठीत धरून आली. माहेरच्यांनीही "इथे किती दिवस राहणार?" असं टुमणं लावलं होतं, त्यामुळे नाही म्हणायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"बघ माझा गुलाब," फिटर हसत म्हणाला. खरंच देखणा होता. छाटणी करून दाखवायला तो वाकला आणि एक काटा त्याच्या अंगठ्यात खोल घुसला.

झालं! फिटरच्या डोक्यात सणक गेली. त्याने कात्री भिरकावली आणि फावडं उचललं. पहिल्या घावात फांद्या तुटल्या, दुसऱ्यात खोड चिरलं. मग फावडं टाकून त्याने झाड दोन्ही हातांनी मुळासकट उपटलं, जमिनीवर आपटलं, बुटाखाली चिरडलं. शिव्या तर अशा की कानांवर हात ठेवावेत. बायको कुंपणाला चिकटून उभी राहिली.

मग तो एकाएकी थांबला. गुडघ्यांवर बसला. उरलंसुरलं झाड खड्ड्यात ठेवून त्याने माती लोटली, थोपटली आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणाला, "लागलं का गं? तू चिडवतेस ना मला, मग असं होतं. आता नाही हं करणार."

बाईंचे डोळे भरून आले. "पाहिलंत ताई? आधी रोपं तोडून चालते व्हायचे. आता स्वतःच परत लावतात. केवढा बदल!"

बायकोला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भीतीच्या आधी संताप आला.

"बदल कसला, बाई? मला मारून झालं की याच आवाजात मलम लावायचे. शब्दही हेच."

"काय सांगतेस गं त्यांना?" फिटर उठला.

"तुमच्याबरोबर राहणार नाही, हेच सांगतेय."

तो फावड्याकडे झेपावला. तिने पुढे होऊन पात्यावर पाय रोवला. त्याला फावडं उचलेना, म्हणून त्याने मूठ चालवली. तिचा ओठ फाटला, एक दात मातीत पडला. रखवालदार धावत आले. दोघांनी त्याला पालथा पाडून पाठीवर गुडघे दाबले, तरी तो लाथा झाडत होता. बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

हळूहळू लाथा थांबल्या. गाल चिखलात दाबलेला असतानाच त्याने मऊ आवाजात विचारलं, "लागलं का गं?"

या प्रश्नाला ती दर वेळी नाही म्हणत आली होती. हाडं मोडल्यावर, दवाखान्याच्या खाटेवरूनसुद्धा.

"हो," ती रक्त थुंकून म्हणाली. "लागलं. खूप लागलं."

आणि ती फाटकाकडे चालू लागली.