वीस मिनिटं पुढे

मी एक जुना कॅमेरा आहे. शिंप्याच्या दुकानात माळ्याच्या कडेला मला ठोकलंय. मित्रांनो, संशय हाच माझा धंदा! कुणी खिशात हात घातला की माझ्या मनात पाल चुकचुकते. बहुतेक वेळा तो बिचारा रुमाल काढतो.

मी नवा होतो तेव्हा मालक येणाऱ्याजाणाऱ्याला पडद्यावर माझं चित्र दाखवायचे. "बघा, टेबलावरची सुईसुद्धा दिसते!" माझी वेळ त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात बघून लावली. ते घड्याळ त्यांनीच वीस मिनिटं पुढे केलं होतं, कारागीर लवकर यावेत म्हणून. हे ते साफ विसरले. पुढे माझी काचसुद्धा कुणी पुसली नाही.

कटिंगवाल्या ताई इथे अठरा वर्षं कापड कापतात. एका दुपारी गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडाचं थान दिसेना. मालकांनी माझं चित्रण मागे नेलं, ताई दिसल्या आणि तिथेच थांबवलं.

"मोबाइलवर बघा, दीडला गिऱ्हाइकाचा फोन आला, तेव्हा थान माझ्यासमोर होतं. आणि हे बघा, एक पस्तीसला तुम्ही एकट्या, फुगलेली पिशवी घेऊन बाहेर! उद्यापासून येऊ नका, ताई."

"अहो, चिंध्या होत्या त्यात, पायपुसणं शिवायला. तुम्हीच न्या म्हणालात ना?"

"मग कॅमेरा खोटं बोलतो का?"

छे, मी कशाला खोटं बोलू! मीही ताठ्यातच होतो. ती पिशवी मलाही खटकली होती.

ताई डोळे पुसत पडद्याजवळ आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"मालक, दाराबाहेर बघा. शाळेची बस. नातीला उतरवून घ्यायला तुम्ही रोज सव्वाला कोपऱ्यावर जाता, तसे तेव्हाही गेला होतात. ही बस एक पस्तीसला कधीपासून यायला लागली?"

मालकांनी भिंतीकडे बघितलं, मग मोबाइलकडे. त्यांचा चेहरा उतरला.

"आता पुढचं लावा," ताई म्हणाल्या.

पुढचं मालकांनी बघितलंच नव्हतं. माझ्या घड्याळात एक पन्नास, म्हणजे खरे दीड. कानाला फोन, बगलेत थान, आणि स्टुलावर चढणारे खुद्द मालक! माळा माझ्या पाठीमागे, तिथलं मला दिसत नाही. थान तिथेच अस्तराच्या खोक्यामागे निघालं.

"चुकलं माझं, ताई. उद्या या हं," मालक कसेबसे म्हणाले.

ताई आल्या. माझं घड्याळही नीट लागलं. पण मित्रांनो, कॅमेरा लावलात तर त्याची वेळ तपासा, काच पुसा, त्याला काय दिसत नाही तेही विचारात घ्या. आणि कुणाला चोर म्हणण्याआधी पुढचं चित्रण बघा, एवढी माझी विनवणी आहे.

कारण त्या दिवसापासून घरी जाताना ताई माझ्याखाली थांबतात. पिशवी पूर्ण उघडतात, मला आतलं दाखवतात आणि मगच बाहेर पडतात. मालक मान खाली घालून मापाची टेप गुंडाळत बसतात. मला तर डोळे मिटून घ्यावेसे वाटतात, पण मला पापण्याच नाहीत.