लाल बुटांचा देवदूत आणि फुटका आरसा

जुना आरसा आहे मी, मित्रांनो. कोपऱ्यापासून मधोमध तडा गेलेला. सिसिलीतल्या एका टेकडीवरच्या गावात, ओंजळीएवढ्या प्रार्थनाघरात माझं बहुतेक आयुष्य गेलं.

त्याआधी मी न्हाव्याच्या दुकानात होतो. दुकान बंद पडलं तेव्हा, आता प्रार्थनाघराची राखण करणाऱ्या नुन्झियाच्या वडिलांनी मला इथे आणलं. तेव्हा किल्ली त्यांच्याकडे असे. पाहुणे आले की ते मला घेऊन दारात उभे राहत, ऊन पकडत आणि आत छतावर फेकत. सोन्याचा वर्ख दिलेले काचेचे बारीक तुकडे जुन्या कारागिरांनी तिथे मुद्दाम तिरके बसवलेत. ऊन लागलं की सगळं छत पाण्यासारखं हले. लोक ‘आहा!’ म्हणत. मला वाटे, मलाच म्हणतात.

मग विजेचे दिवे आले. त्यातच वाऱ्याने दार आपटलं आणि मला तडा गेला. आरसा फुटला की सात वर्षं अवदसा पाठीशी लागते, असं आमच्या गावात मानतात. वडिलांमागे किल्ली सांभाळणाऱ्या नुन्झियाने मला टाकलं नाही, पण हातही लावला नाही. केरसुणीमागे धूळ खात राहिलो.

मग एके दिवशी गावातली अग्रिपिना मावशी आली. कमरेत पार वाकलेली. शनिवारी मुलगा तिला कायमचं दूर उत्तरेला, तोरिनो शहरात नेणार होता. त्याआधी छतावरच्या, त्याच काचतुकड्यांनी घडवलेल्या देवदूताचं तोंड तिला एकदा बघायचं होतं. लग्नाच्या दिवशी लाजून ती नवऱ्याऐवजी त्याच्याकडेच बघत राहिली होती. पण आता मान वर होईना.

“किती वर्षं नुसते लोकांचे बूट बघतेय गं! गावात कुणाचा तळ उसवलाय, मला विचार.”

“बाकावर आडवं करू का तुम्हाला, मावशी?”

“आडवं व्हायचंच आहे. एवढी घाई नको.”

नुन्झियाची नजर कोपऱ्यात गेली. “आरसा आहे, पण फुटका. सात वर्षं अवदसा...”

“सत्त्याऐंशीच्या बाईला सात वर्षांचं भय घालतेस? तेवढी मिळाली तर मेणबत्ती लावीन! आण इकडे.”

नुन्झियाने मला आपल्या एप्रनने पुसलं आणि मावशीच्या मांडीवर ठेवलं.

“अगंबाई, ही कोण थेरडी?”

“थांबा, जरा तिरपा धरते.”

मावशी माझ्यावर आणखी वाकली. मग हसली.

“तेच तोंड. आणि बूटही तेच लाल! मेल्याचे झिजले नाहीत गं.”

तड्याच्या एका बाजूला देवदूत, दुसऱ्या बाजूला मावशी. दोघंही माझ्यात नीट मावली होती.

आता मी दाराशी खिळ्यावर असतो. ज्याची मान दुखते, तो मला मांडीवर घेतो. मित्रांनो, फुटकी वस्तू टाकायला निघालात तर आधी तिला जरा तिरपी धरून बघा.