लाल सॅक आणि बर्फातली जास्तीची रात्र

मित्रांनो, ग्लासगोतल्या एका घरात, जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्युम क्लीनरशेजारी जी लाल सॅक अंग चोरून बसली आहे, ती मी. माझा रंग विटला आहे, एक बक्कल तुटले आहे आणि बुडाला जुन्या रेनकोटचे ठिगळ आहे. पण म्हणून मला अडगळ समजू नका हं!

मला एका लहानशा कारखान्यात शिवले. दुकानातून घरी आणले ते आश्लेषाने. ती इथेच जन्मलेली, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. हिवाळ्यात डोंगरावर जाऊन बर्फात मुक्काम करायचा तिला भारी नाद. मला भरताना मात्र ती अगदी काटेकोर. आधी हवामानाचा आणि हिमस्खलनाचा अंदाज बघायची. मग कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तळाशी, आणि फावडे, शिट्टी, हेडटॉर्च वर, चटकन हाताला लागतील असे. एवढे झाले की तिची आई, नंदाताई, चिवड्याचा डबा घेऊन हजर.

"आई, वेट वाढतो ना!"

"वाढू दे. थंडीत भूक लागते."

माझे पोट फुटायची वेळ यायची, पण खरे सांगते, मला ते आवडायचे.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी आश्लेषा तिच्या मैत्रिणीबरोबर, मायराबरोबर निघाली. नंदाताईंनी दोघींच्या हातावर दही ठेवले. "येते गं. रविवारी जेवायला घरी," एवढेच आश्लेषा म्हणाली आणि आम्ही निघालो.

वाऱ्याचा अंदाज बिघडला होता, म्हणून त्यांनी नेहमीचा डोंगर सोडून दुसरीच दरी धरली. ते शहाणपणाचेच होते. पण दुपारी मायरा घसरली आणि तिचा घोटा टम्म सुजला. मोबाइलला रेंज नव्हती, वारा वाढत होता. आश्लेषाने उतारावरच्या खोल बर्फात गुहा खणली, हवेसाठी काठीने भोक ठेवले आणि फावडे आत घेतले. दार बुजले तर आतूनच खणावे लागते ना! मग तिने मला रिकामे केले आणि मायराचे पाय गुडघ्यांपर्यंत माझ्यात सरकवले. मित्रांनो, इतके मोलाचे ओझे मी त्याआधी कधी सांभाळले नव्हते.

रविवारीही वादळ ओसरले नाही. आश्लेषा मदतीची खूण म्हणून सहा वेळा शिट्टी वाजवायची, थांबायची, पुन्हा सहा वेळा. मायराला आता पायाची बोटे जाणवत नव्हती.

"आपल्याला सर्च करत असतील ना?" तिने विचारले.

"हो, पण कुठे? मी कुणालाच सांगितलं नाहीये." आश्लेषाने पुन्हा शिट्टी उचलली.

सोमवारी दुपारी पोलिसांना रस्त्याकडेला उभी असलेली त्यांची गाडी सापडली आणि तिथून माग काढत बचावपथक पोहोचले. मायराची बोटे थोडक्यात वाचली.

बाकीचे मला घरी आल्यावर कळले. नंदाताईंनी रविवारी संध्याकाळीच पोलिसांना फोन केला होता. मुलगी कुठे गेली आहे, हा पोलिसांचा पहिलाच प्रश्न होता आणि नेमके तेच त्यांना ठाऊक नव्हते.

"निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारू नये, असं आमच्याकडे मानतात," त्या रडत म्हणाल्या. "म्हणून मी कधी विचारलंच नाही गं."

"आणि तू काळजी करशील म्हणून मी सांगितलं नाही," आश्लेषा म्हणाली.

दोघींची माया खरी होती. पण त्या मायेपायी मायराला बर्फात एक रात्र जास्त काढावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते.

आता मला भरण्याआधी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरतो. नंदाताई चष्मा लावून बसतात.

"इथे नाही जमलं तर?"

"तर इथे."

"आणि तुझा फोन आला नाही तर?"

"नाइन नाइन नाइनला फोन लावायचा. आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू."

मित्रांनो, आमची निगा राखा, बक्कल तुटले तर वेळेवर नवे लावून घ्या. तुमचे फावडे, शिट्टी, चिवडासुद्धा मी आनंदाने वाहीन. पण तुम्ही कुठे चाललात, हे तेवढे घरी सांगून निघा. ते माझ्यात भरून काही उपयोग नाही, कारण मीही तुमच्याबरोबरच हरवलेली असते.