घडीवरची गल्ली

खोलीत तिघे होते आणि कुणीच बोलत नव्हते. संगणकाचा पंखा तेवढा घरघरत होता. टेबलावर मी पसरलेला होतो, चारही कोपऱ्यांवर चहाचे चार कप ठेवून दाबलेला. मित्रांनो, मी या शहराचा जुना नकाशा.

ज्या आरेखकाने मला घडवले, तो श्वास रोखून रेघ ओढत असे. तेव्हा माझा मोठा मान होता. हात पुसल्यावाचून मला कुणी शिवत नसे. पुढे कधीतरी करायच्या रस्त्याची एक तांबडी रेषा माझ्यावर आली, आणि माझी घडी घालून मला कपाटात ठेवले गेले. कागदालाही ऋतू सोसावे लागतात. दमटपणात मी फुगलो, उन्हाळ्यात आकसलो. घडीवर जी गल्ली आली, तिची घरे झिजून पुसली गेली. उरली फक्त तांबडी रेषा. मी थकलो, तरी ती थकली नाही.

आता रस्ता खरोखरच व्हायचा आहे. म्हणून माझी प्रतिमा संगणकात घेतली गेली. आकाशातून टिपलेल्या छायाचित्रावर ती नेमकी बसवायची, म्हणजे रेषा कुणाच्या छपरावरून जाते ते दिसेल. हे काम नगररचना कार्यालयातल्या शिकाऊ मुलीकडे आले. त्याच गल्लीतल्या शिंपीकाकांची ती पुतणी. त्यांच्याच घरी वाढलेली.

माझ्यावर आणि छायाचित्रात, दोन्हींकडे सापडतील अशा खुणा जुळवायच्या असतात. तिने सगळ्या खुणा पाण्याच्या टाकीजवळच्याच घेतल्या. ओळखायला सोप्या होत्या ना! तिथे मी चपखल बसलो, पण दूरच्या त्या घडीवरच्या गल्लीत तिरका सरकलो. रेषा इस्त्रीवाल्या मावशींच्या घरावर गेली आणि शेजारचे काकांचे दुकान वाचले. काल संध्याकाळी तिने घरी ते सांगूनही टाकले.

आज तिला काम शिकवणाऱ्या बाई ते पाहून हसल्या. "अगं, चादर एकाच कोपऱ्यात खोचलीस, तर बाकीची सरकणारच!" तिने शहराच्या चारही टोकांच्या खुणा घेतल्या. मी सरळ झालो. रेषा काकांच्या दुकानावर येऊन थांबली, आणि नेमके तेव्हाच काका तिचा विसरलेला डबा घेऊन दारात उभे राहिले.

सुरुवातीला सांगितली, ती शांतता हीच.

"काल तर आपण रेषेच्या बाहेर होतो," अखेर काका म्हणाले.

"काल माझं चुकलं होतं, काका."

"मग चुकू दे की! शिकाऊच आहेस. शिकाऊ माणसाचं कोण मनावर घेतं?"

बाईंनी आपला कप उचलला आणि त्या खिडकीकडे वळल्या. माझा एक कोपरा गुंडाळला गेला.

"मावशींचं घर जाईल त्यात," मुलगी म्हणाली.

"त्यांना तरी कुठे कळलंय अजून?"

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला काचेत मढवू नका. चारही कोपऱ्यांनी सारखे धरा. एका बाजूने ओढलेला नकाशा फाटत नाही. तो निमूटपणे दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगणात जाऊन पडतो.

मुलगी माझ्या घडीवरून तळवा फिरवत राहिली. मग मान वर न करता तिने विचारले, "काका, कापड कमी पडलं म्हणून तुम्ही कधी टेप ओढून खोटं माप घेतलंत?"

काकांचा हात गळ्यातल्या टेपेकडे गेला. त्यांनी माझा गुंडाळलेला कोपरा नीट सपाट केला, त्यावर डबा ठेवला, आणि ते निघून गेले.