फणसात रुतलेला बाण

मित्रांनो, मी एक जुना गंडेवा आहे. गंडेवा म्हणजे आमच्या जावा बेटावरचं धनुष्य. पण मला नुसतं धनुष्य म्हणालात तर राग येतो, आधीच सांगून ठेवतो. दुकानात टांगलेलं असतं, कुणीही यावं आणि ओढून बघावं, त्याला खुशाल धनुष्य म्हणा. मी एका माणसाच्या मापाने घडलो आहे. त्या माणसाचं नाव सस्त्रो. बांतुलच्या रस्त्यावर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आता तो सत्तरीच्या पुढचा आहे, गल्लीतली पोरं त्याला आजोबा म्हणतात. मी मात्र अरेतुरेच करतो. इतकी वर्षं ज्याच्या मांडीवर बसलो त्याला काय अहोजाहो करायचं!

माझा जन्म तुकीजोच्या हातचा. तुकीजो सस्त्रोचा लंगोटीयार, पंचक्रोशीतला नावाजलेला कारागीर. त्याने जाडजूड पेतुंग बांबू तोडला आणि स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या माळ्यावर टाकून दिला. बांबूला धूर पाजला नाही तर कीड लागते. कितीतरी पावसाळे मी तिथे पडून होतो. खाली तुकीजोची बायको मिरच्या परतायची आणि वर माझा जीव कासावीस व्हायचा. मग एक दिवस त्याने मला खाली काढलं, सस्त्रोला चटईवर मांडी घालून बसवलं, त्याचा हात लांब करून हनुवटीपर्यंतचं अंतर दोरीने मापलं. त्या मापाने माझी दोन पाती तासली आणि मधे चिकूच्या लाकडाची मूठ बसवली. ती मूठ सस्त्रोच्या पंजात अशी बसली की मला आपलं घर मिळालं.

पण मित्रांनो, एकट्या गंडेव्याचा काही उपयोग नाही. त्याला बाण जुळवावे लागतात. बाण सरळ असला म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. अहो, तसं नसतं! सुटताना बाण माझ्या मुठीला वळसा घालून, माशासारखं अंग हलवत निघतो. फार ताठर असला तर त्याला वळताच येत नाही, मुठीला ढुशी देतो आणि डावीकडे जातो. फार नरम असला तर जास्त वाकतो आणि उजवीकडे भरकटतो. माझ्या जोराला आणि सस्त्रोच्या ओढीला जो बेताने वाकेल तोच माझा बाण.

तुकीजोने ते काम सस्त्रोच्या ओसरीवर बसून केलं. बांबूच्या काड्या निखाऱ्यावर शेकून सरळ केल्या, एकेक अंगठ्याने दाबून वाकवून पाहिली. मग अंगणात केळीचा खुंट रोवला आणि पिसं न लावताच काड्या मारायला लावल्या. काडी खुंटात घुसली की तिचं शेपूट बघायचं. शेपूट उजवीकडे कललं तर काडी ताठर, डावीकडे कललं तर नरम.

"ही बघ, अडून बसलीय," तुकीजो म्हणायचा. "थांब कांग, हिला जरा समज देतो." कांग म्हणजे दादा. मग तो सुरीच्या पाठीने काडीचं पोट हलकेच खरवडायचा, आणि पुन्हा मारून बघायचा.

सस्त्रोची बायको सार्ती चहा घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "लग्न ठरवताना आपले जन्मवारसुद्धा एवढे जुळवले नव्हते हो!" ती म्हणाली. तिघंही खो खो हसली. पण ती चहा ठेवून आत गेली नाही. काडी ताठर असली की काय करायचं, नरम असली की काय करायचं, सगळं बघून घेतलं. हे लक्षात ठेवा मित्रांनो, पुढे यावरूनच सगळा गोंधळ झाला.

काय दिवस होते ते! आमच्याकडे सात वारांच्या जोडीला बाजाराचे पाच वार मोजतात. शनिवार आणि त्या पाचांतला पाहिंग एका दिवशी आले की मैदानात चटया अंथरायच्या, डोक्याला बाटिकचा फेटा बांधायचा आणि मांडी घालून नेम धरायचा. समोर दोरीला बांदुल टांगलेलं असतं, मनगटाएवढ्या जाडीचं, अंगाने पांढरं, डोकं लाल. बाण लागला की त्याच्या खालची घंटी वाजते. सस्त्रोने दोरी सोडली की ती घंटी वाजायचीच. लोक म्हणायचे, "हात सस्त्रोचा आणि गंडेवा तुकीजोचा!" खोटं कशाला बोलू, मी त्या दिवसांत जरा चढूनच गेलो होतो.

मग केव्हातरी बाण डावीकडे जाऊ लागले. आधी बांदुलाला चाटून, पुढे वीतभर लांबून. मला कारण कळत होतं. सस्त्रोचा खांदा आखडला होता. पूर्वी दोरी हनुवटीपर्यंत यायची, आता दोन बोटं अलीकडेच थांबायची. ओढ कमी, म्हणून जोर कमी, आणि जोर कमी म्हणून तेच बाण आता ताठर वागत होते. पण सांगणार कोण? मला तोंड नाही. आणि असतं तरी मी जावातलाच ना, तोंडावर बोललो नसतो. आमच्याकडे कुणी कुणाला तोंडावर म्हातारा म्हणत नाही.

"आज वारा फार द्वाड आहे, कांग," शेजारच्या चटईवरचे म्हणायचे. मैदानातला झेंडा तर खांबाला चिकटून लोंबत असायचा.

"वाराच," सस्त्रो म्हणायचा. पुढच्या वेळी दोरी ओली होती. त्याच्या पुढच्या वेळी पिसं खराब होती. खांद्याचं नाव कुणी काढलं नाही, त्याने तर नाहीच नाही. घरी आल्यावर मात्र तो मला मांडीवर घेऊन डोळे चोळत बसायचा, आणि मला त्याची फार कीव यायची. डोळे गेले असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

अशात एक लॉजवाला आला. त्याला मी भिंतीवर हवा होतो, पाहुण्यांना फोटो काढायला. माझ्या अंगावर काटाच आला! सस्त्रो हातातला पाना खाली ठेवत म्हणाला, "या पाहिंगला एकदाही घंटी वाजली नाही, तर घेऊन जा. जो मारूच शकत नाही त्याने चटई अडवून बसू नये."

सार्तीने हे ऐकलं. मुलगी एंदांग सायकलच्या चाकात हवा भरत होती, तिनेही ऐकलं. आणि त्या दोघींपैकी कुणीतरी ते तुकीजोच्या कानावर घातलं असणार, कारण दुसऱ्याच दिवशी तो हजर.

"कांग, तुझ्या बाणांची पिसं सुटलीत बघ. दे, चिकटवून आणतो," तो म्हणाला. पिसं ठणठणीत होती. घरी नेऊन त्याने सगळ्या बाणांची पोटं सुरीने बेताने खरवडली आणि बाण नवीन ओढीला जुळवून परत आणून दिले. काम अगदी चोख. एवढ्यावर थांबलं असतं तर किती बरं झालं असतं!

पण सस्त्रो दुकानात गेल्यावर सार्तीने कपाटामागून बाण काढले. बाण डावीकडे जातो म्हणजे ताठर, ताठर म्हणजे खरवडायचा, हे तिच्या पक्कं ध्यानात होतं. बाटिकच्या मेजावरचं मेण ती काचेच्या तुकड्याने खरवडते. त्याच काचेने तिने सगळे बाण खरवडले. खरवडताना स्वतःशीच पुटपुटत होती, "जाऊ दे बाई एकदा सरळ. लागू दे त्यांचा."

नंतर आली एंदांग. ती स्वतः नेमबाज आहे. टोक जड केलं की बाण जास्त वाकतो, हे तिला ठाऊक. तिने जुनी लोखंडी टोकं उपसली आणि आपली पितळेची जड टोकं ठोकून बसवली. मी खुंटीवरून सगळं बघत होतो. अरे, पुरे करा, पुरे करा, असं ओरडावंसं वाटत होतं. तिघांची माया खरी, पण एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही.

शनिवार-पाहिंग उजाडला. सस्त्रोने नवा फेटा बांधला, मला दोरी चढवली. लॉजवाला मागे झाडाखाली उभाच होता. सार्ती चहाची किटली धरून बसली होती, पण कपात ओतायचं तिला सुचत नव्हतं. सस्त्रोने श्वास घेतला, दोरी ओढली आणि सोडली.

बाण सरळ गेलाच नाही. पाण्यातल्या सापासारखा वळवळत तो उजवीकडे निघाला, आणि मैदानाच्या कडेला जे फणसाचं झाड आहे, त्याच्या एका कोवळ्या फणसात फचकन रुतून बसला.

सगळ्या माना फणसाकडे वळल्या. मग कुणीतरी म्हणालं, "वारा..."

"आता डावीकडून सुटला होय?" सस्त्रो म्हणाला.

तुकीजो धावत जाऊन फणसासकट बाण घेऊन आला. बाण हातात घेतला मात्र, त्याचा चेहरा पडला. सस्त्रोने तो त्याच्याकडून काढून घेतला आणि अंगठ्याने दाबला. भाताच्या काडीसारखा वाकला तो. मग त्याने उरलेले बाण मांडीवर घेतले आणि एकेकावर बोट फिरवलं. इतकी वर्षं बाण हाताळलेला माणूस. त्याला काय लागतं ओळखायला?

"ही सुरी तुकीजोची," तो म्हणाला. "आणि हे वर बारीक ओरखडे... बुने, तुझा काचेचा तुकडा कुठाय?" बुने म्हणजे पोरांची आई.

सार्ती किटलीत बघू लागली.

"आणि ही पितळेची टोकं तर मीच एंदांगला आणून दिलेली." सस्त्रोने बाण खाली ठेवले. "म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी सोडून."

त्याला फार लागलं, मित्रांनो. माझ्या मुठीवरची त्याची बोटं सैल झाली. त्याने मला उचललं आणि लॉजवाल्याकडे वळला. झालं, मी म्हटलं, आता जन्मभर भिंतीवर.

"बापाक!" एंदांग रडतच पुढे आली. "तोंडावर सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? खांदा दुखतो का विचारलं, तर म्हणालात चहा कडू झालाय!"

शेवटच्या चटईवरून कुणीतरी फिसकन हसलं. सस्त्रोने डोळे वटारले. मग त्याच्याच ओठांचा एक कोपरा हलला. तो मला घेऊन परत खाली बसला, आणि आजवर त्या मैदानात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं ते बोलला.

"मी म्हातारा झालोय. दोरी हनुवटीपर्यंत येत नाही. तुकीजो, उद्या माप घ्यायला ये. आजच्या हाताचं."

लॉजवाला थोडा वेळ घुटमळला आणि निघून गेला. फणस सार्तीने घरी नेला. "बाण मारून आणलेल्या फणसाचं गुदेग खाल्लंय का कुणी?" ती म्हणाली. नारळाच्या दुधात आणि गुळात शिजवलेलं ते गुदेग दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बोटं चाटत खाल्लं.

मग तुकीजो मापाला बसला. सस्त्रोचा हात मापून झाल्यावर त्याने मला तांदळाच्या वजनकाट्याला अडकवलं आणि जुन्या खुणेपर्यंत ओढलं. काट्याकडे बघून तो मोठ्याने हसू लागला.

"कांग, तू एकटाच नाहीस! हाही थकलाय. पूर्वीचा जोर कुठे उरलाय याच्यात?"

काय सांगू मित्रांनो, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. इतके दिवस मी सगळं त्याच्या खांद्यावर ढकलत होतो. सस्त्रोने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे," तो म्हणाला. "मग तर जोडी नीटच जमली की."

बाण इतके नरम झाले होते की ते टाकूनच द्यावे लागणार, असं सार्तीला वाटत होतं. ती कोपऱ्यात बसून डोळे पुसत होती. पण बाण आखूड केला की तो पुन्हा ताठरतो. आणि सस्त्रोची ओढ आखूड झालीच होती, त्याला लांब बाण हवेत कशाला? तुकीजोने सगळे बाण कापले, जुनी लोखंडी टोकं परत बसवली, अंगणात केळीचा खुंट रोवला. या वेळी एंदांग बाणांची शेपटं बघत होती आणि सार्ती निखारे फुलवत होती. काय करायचं ते चौघं एकमेकांना सांगून करत होती.

पुढच्या पाहिंगला सस्त्रोने ते आखूड बाण सगळ्यांना दिसतील असे चटईवर मांडले. पहिला बाण सोडला. तो बांदुलाच्या खालून गेला.

शेजारच्या चटईवरच्यांनी झेंड्याकडे बघितलं. मग तुकीजो मोठ्याने म्हणाला, "वारा नव्हता हं, कांग. तू चुकलास!"

सस्त्रो मागे वळून बघतच राहिला. आणि मग असा पोट धरून हसला की फेटा कलला. "चुकलो!" तो म्हणाला. "चुकलो की!" मी त्याच्या हातात होतो, म्हणून सांगतो, त्याचा पंजा इतका हलका मला कित्येक वर्षांत लागला नव्हता. त्याने हसतच दुसरा बाण लावला, आखडेल तिथपर्यंतच दोरी ओढली आणि सोडली. घंटी वाजली. सार्तीने भरलेला कप स्वतःच्याच मांडीवर सांडला.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, तर काम झालं की तिची दोरी उतरवून ठेवा, तिला ऊन आणि ओल लागू देऊ नका. आणि घरातल्या थकल्या माणसांचं काही त्यांच्या पाठीमागे तासत बसू नका. त्यांच्या समोर बसा आणि विचारा, आता हात कुठवर येतो? ते आधी वाऱ्याला नावं ठेवतील. तुम्ही तरी पुन्हा विचारा.