हॉलंडला निघालेला प्रसाद

तातेराव महाराज काल्याच्या कीर्तनाला उभे आहेत आणि काकासाहेबांचा टाळ चुकतोय, असं गावानं कधी पाहिलं नव्हतं. मेंढरांमागं जन्म घालवलेल्या बापाकडून काकासाहेबांना दोनच गोष्टी वारशानं आल्या होत्या. एक लांब ढांगा आणि दुसरा हा पितळी टाळ. ढांगा आता मोसंबीच्या बागांतून पडायच्या, टाळ मात्र मारुतीच्या देवळातच वाजायचा. आज त्यांचं निम्मं चित्त महाराजांपाशी होतं आणि निम्मं परतूर रोडच्या फाट्यावर. तिथून दुपारी हॉलंडच्या वकिलातीची गाडी वळणार होती.

दिल्लीत दोन्ही देशांच्या साहेबलोकांची फळांच्या व्यापाराची बोलणी वर्षभर चालली होती. पण कागदावरच्या मोसंबीची चव कुणाला कळते? तिकडच्या तपासणीत खरं फळ उतरायला पाहिजे, आणि ते फळ धाडायचा मान काकासाहेबांच्या शेतकरी गटाला मिळाला होता. त्यासाठी गटातल्या एकट्या बद्रीनाथची बाग नोंदलेली. बद्रीनाथनं वर्षभर तिला लेकरासारखं जपलं, मनाई असलेल्या औषधाचा थेंब पडू दिला नाही. निवडक फळांची कॅरेटं भरून, सरकारी माणसासमोर नंबरी पट्ट्यांनी शिल करून ठेवली आणि बाकीचा माल व्यापाऱ्याला देऊन बाग मोकळी केली. वकिलातीच्या मारीके मॅडम ती कॅरेटं स्वतः घेऊन जाणार होत्या. नमुना उतरला तर गटातल्या सगळ्या बागांना हॉलंडचं दार उघडणार होतं. नाही उतरला, तर ते दार दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबी.

आणि नेमकी काल गटाची कोल्डरूम बंद पडली. मिस्त्री म्हणाला, "उद्या बघू." गावात उन्हाला दाद न देणारी जागा एकच, देवळाची दगडी कोठी. काकासाहेबांनी कॅरेटं तिथं ठेवली, टाळं ठोकलं, चावी बद्रीनाथच्या हाती दिली आणि निर्धास्त झाले. म्हणजे झाल्यासारखं केलं.

महाराज रंगात आले होते. गोपाळ यमुनेच्या वाळवंटात बसलेत, देव म्हणतो, सोडा रे आपापल्या शिदोऱ्या! गावाचा रिवाज असा, की महाराजांनी शिदोऱ्या सोडल्या की इकडं सभेत फळं वाटायची. बायका ताटं घेऊन उठल्या. काकासाहेब डोळे मिटून टाळ धरत होते, तेवढ्यात नाकाशी सालीचा ताजा वास आला. डोळे उघडले तर शेजारचा पखवाजी मोसंबी सोलत होता. समोरच्या रांगेत मोसंबी, बायकांत मोसंबी, खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्यांच्या हातात मोसंबी. पिवळीधमक, एका मापाची, देखणी.

टाळ पखवाज्याच्या मांडीवर टाकून काकासाहेब कोठीकडं धावले. दारात त्यांची चुलती चतुराबाई रिकामी कॅरेटं एकात एक घालून ठेवत होती.

"काकू, ही मोसंबी कुठली?"

"कुठली म्हंजी? कोठीतली. लई गोड हाये रे. तुला दिली न्हाई का कुणी?"

"काकू, टाळं होतं! शिल होतं!"

"टाळ्याची चावी बद्रीनं दिली, आन शिल कात्रीनं कापलं. वरडतो काऊन? सप्त्यात देवाच्या उंबऱ्याआत आली ती चीज देवाची. तुझाच बाप सांगायचा ना सगळ्याला? आन वर झेंडे छापलेले. म्हणलं, सरकारनं धाडलं आसंल मारुतीरायाला."

बद्रीनाथ मागं येऊन उभा राहिला होता. त्याचं तोंड सोललेल्या सालीसारखं पडलं होतं. "मला वाटलं काकूला कोठीतलं तूप काढायचंय," एवढंच तो पुटपुटला.

"एखादं तरी कॅरेट शिल्लक हाये का?"

"प्रसाद शिल्लक ठेवत्यात व्हय कुठं?" चतुराबाई म्हणाली.

रागवायचं तरी कुणावर? रिवाज काकासाहेबांना ठाऊक होता. इंग्रजी शिक्क्याला देऊळ मानील, असं त्यांनीच धरून चाललं होतं. आणि हातात पडलेला प्रसाद परत मागायला जीभ तरी कशी उचलावी?

तेवढ्यात गटातल्या राधेश्यामनं त्यांचा दंड धरला. राधेश्याम म्हणजे प्रत्येक अडचणीला खिशात किल्ली असलेला माणूस. "अध्यक्ष, घाबरू नका. माझी बाग भरलेली हाये. जादा शिलं माझ्याकडं पडून हायेत. बसा गाडीवर, जल्दी!"

काकासाहेब बसले. का बसले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मोटारसायकल धुरळा उडवत निघाली आणि कर्ण्यातून महाराजांचा आवाज पाठोपाठ आला. एक गोपाळ होता, महाराज सांगत होते, घरची भाकरी वाळकी म्हणून त्याला लाज वाटली. वाऱ्यानं पुढचे शब्द उडवले. नाल्याच्या वळणावर पुन्हा ऐकू आलं, शेजाऱ्याची शिदोरी आपली म्हणून देवापुढं सोडली. पुन्हा वारा. काकासाहेबांना त्या गोपाळाचं काय झालं ते ठाऊक होतं, महाराज दर साली सांगायचे. तरी त्यांनी कान टवकारले. ऐकू काहीच आलं नाही.

बागेत राधेश्याम भराभरा फळं खुडू लागला. माल खरंच देखणा होता. काकासाहेबही खुडू लागले, पण नजर सारखी फाट्याकडं जात होती. तहान लागली, म्हणून त्यांनी एक फळ सोलायला घेतलं.

"ऊं, ते नका खाऊ!" राधेश्याम पटकन बोलून गेला. "परवाच फवारलंय."

काकासाहेबांचा अंगठा सालीतच राहिला. "मला चालत न्हाई, आन मॅडमला चालंल?"

"मॅडम कुठं खाती? तिकडं मशीन खाईल."

"मंग मशीन बोंबलंल की! बद्रीच्या नावानं बोंबलंल. उद्या आपल्या तालुक्याचा टेम्पो दिसला की परत धाडतील."

"तवाचं तवा पाहू. आज तर निभंल ना? खरं सांगून काय मिळणार हाये, नारळ?"

काकासाहेबांनी हातातल्या फळाकडं पाहिलं. चकचकीत, निर्दोष, आणि ज्यानं पिकवलं तोच खाऊ नको म्हणत होता. त्यांनी ते कॅरेटात टाकलं आणि लांब ढांगा टाकत, चालतच गावाकडं निघाले. मागून राधेश्याम ओरडला, "जा मंग, टाळ कुटत बसा जल्मभर!"

ते पोचले तोवर गाडी येऊन थांबली होती. दहीहंडी नुकतीच फुटली होती आणि त्या गर्दीत उंच, उन्हानं लाल झालेल्या मारीके मॅडम उभ्या होत्या. चतुराबाईनं त्यांच्या कपाळाला बुक्का लावला होता. मॅडम हातात एक मोसंबी घेऊन गोंधळल्या होत्या. चतुराबाईनं ती नातीसाठी पदरात बांधून ठेवली होती, पण काल्याला आलेला पाहुणा रिकाम्या हातानं कसा जाऊ द्यायचा? दुभाषी म्हणून परतूरची प्रीती होती. काकासाहेबांनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

प्रीती कुजबुजली, "काका, असं नका सांगू. कीड निघाली म्हणून फेकून दिली म्हणते ना मी. शोभेल तरी."

"न्हाई पोरी. जसं हाये तसं सांग. बिलकुल तसंच."

प्रीती सांगत गेली, तसा मॅडमचा चेहरा गंभीर होत गेला. काकासाहेब एकदा त्यांच्या डोळ्यांकडं, एकदा प्रीतीच्या ओठांकडं पाहत होते. बद्रीनाथ खांबाआड उभा होता. अखेर मॅडमनी एकच गोष्ट विचारली. शिलं कुठं आहेत?

चतुराबाईनं वर बोट केलं. देवळाच्या दारावर आंब्याच्या पानांचं तोरण होतं आणि पानापानाआड ती शिलं बांधलेली, एकावर तिरंगा, एकावर हॉलंडचा तांबडा-पांढरा-निळा. "झेंडे चांगले होते, फेकवंना," ती म्हणाली.

मॅडमनी नंबर वाचून कागदाशी ताडून पाहिले. बरोबर होते. मग त्यांनी हातातली मोसंबी सोलली, फोड तोंडात घातली, आणि हनुवटीवरून रस ओघळला तशा पहिल्यांदा हसल्या. पण हसून झाल्यावर जे बोलल्या, ते प्रीतीनं खाली मान घालून सांगितलं. शिल तुटलेला माल नियमानं घेता येत नाही. या हंगामात नमुना जाणार नाही. जे घडलं ते त्या वर लिहून कळवतील. वरचे काय म्हणतील, हे त्यांना सांगता यायचं नाही.

"बराबर हाये," काकासाहेब म्हणाले. बद्रीनाथनं खांबाला कपाळ टेकलं. त्याचं वर्ष गेलं होतं, ते बराबर म्हणून परत येणार नव्हतं. काकासाहेबांनी जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही.

गाडीचं दार लागलं. गाडी निघाली, थोडी पुढं जाऊन थांबली. काच खाली झाली आणि प्रीतीनं डोकं बाहेर काढलं. "काका! मॅडम विचारून राह्यल्यात, बद्रीकाकांच्या बागेत पुढचा बहार तोडायला कधी येतो? वरून होकार आला, तर तोडणीला त्या स्वतः येतील, शिल पण स्वतः करतील. फक्त तेव्हा तुमचा सप्ता नाही ना, ते आधी कळवा म्हणतात."

बद्रीनाथनं खांबावरचं डोकं उचललं.

"दसऱ्याच्या पुढं येतो," काकासाहेब घाईघाईनं म्हणाले. "सप्ता माघात असतो. तेव्हा काही नसतं म्हणावं, बिलकुल काही नसतं."

"नसतं कसं?" मागून चतुराबाईचा खणखणीत आवाज आला. "कार्तिकाचा काकडा आसतो की महिनाभर! तवा परसाद लागत न्हाई का देवाला?"

गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली. देवळात आरतीला टाळ वाजू लागले, पखवाजी काकासाहेबांचा टाळ उंच धरून त्यांना खुणावत होता. काकासाहेबांनी त्याला हातानंच थांब म्हटलं, आणि आधी कोल्डरूमच्या मिस्त्रीला फोन लावला.